सेरेस : नजरेआड झालेला, गणिताने गवसलेला

मंगळ व गुरू यांच्या कक्षांदरम्यान असंख्य लहानमोठे पिंड सूर्याभोवती फिरतात. लघुग्रहांच्या या पट्ट्यातील सर्वांत मोठा पिंड म्हणजे सेरेस. १ जानेवारी १८०१ रोजी सिसिली बेटावरील पालेर्मोच्या वेधशाळेतून ज्युसेप्पे पियाझी या धर्मगुरू-खगोलज्ञास तो प्रथम दिसला. ताऱ्यांची सूची करताना एक ठिपका रात्रीगणिक किंचित सरकतो, हे त्यांनी हेरले. ११ फेब्रुवारीपर्यंत त्यांनी त्याचे वेध घेतले. मग ते आजारी पडले आणि पुढे तो पिंडही सूर्यतेजात लोपला.

हाती उरले ४१ दिवसांतील काही वेध आणि आकाशातील जेमतेम ३ अंशांची सरक. एवढ्यावरून तो पुन्हा कोठे उगवेल हे कसे सांगावे? जर्मनीतील ब्रुन्सविकच्या २४ वर्षांच्या कार्ल फ्रीडरिख गाउसने हे कोडे सोडविले. कक्षा वर्तुळाकार असेल असे गृहीत न धरता केप्लरच्या नियमांना आणि वेधांना जुळणारे लंबवर्तुळ त्याने नव्या गणिती रीतीने काढले. १८०१ च्या अखेरच्या रात्री फॉन त्साख यांना आणि पुढच्या रात्री ओल्बर्स यांना सेरेस सापडला, तो गाउसने वर्तविलेल्या जागेच्या अगदी जवळ.

हा गाउस बागकाम व गवंडीकाम करणाऱ्या बापाचा मुलगा. आईला लिहिता येत नव्हते. ब्रुन्सविकच्या ड्यूकने विद्यावेतन दिले म्हणून तो शिकला. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली बाबासाहेब अमेरिकेस गेले, हे जाणणाऱ्या आपल्या वाचकांना या विद्यावेतनाचे मोल निराळे सांगावयास नको. एक भेद मात्र आम्ही वर्गात आवर्जून सांगतो : गाउसच्या वाट्यास दारिद्र्य होते, अस्पृश्यता नव्हती.

सेरेसचे सूर्यापासूनचे सरासरी अंतर सुमारे ४१ कोटी किलोमीटर. एका प्रदक्षिणेस ४.६ वर्षे लागतात. पृथ्वीच्या कक्षेच्या प्रतलाशी त्याची कक्षा सुमारे १०.६ अंशांनी कललेली आहे. स्वतःभोवती मात्र तो ९ तासांतच फिरतो. व्यास सुमारे ९४० किलोमीटर. गुरुत्वाकर्षण इतके क्षीण की येथे ३५ किलो भरणारा विद्यार्थी तेथे जेमतेम एक किलो भरेल! तरीही संपूर्ण पट्ट्याच्या वस्तुमानाचा सुमारे तिसरा हिस्सा या एकट्या पिंडात आहे. त्याची घनता पाण्याच्या दुपटीहून थोडी अधिक, म्हणजे निव्वळ खडकाहून कमी. आत बर्फाचा मोठा अंश असावा, हे अनुमान त्यावरूनच निघते.

मार्च २०१५ मध्ये डॉन हे अमेरिकी यान सेरेसच्या कक्षेत पोहोचले. ऑकेटर नावाच्या विवरात दिसलेल्या लख्ख पांढऱ्या डागांनी सर्वांनाच कुतूहल लावले होते. ते निघाले मुख्यत्वे सोडियम कार्बोनेट, म्हणजे आपला धुण्याचा सोडा. विदर्भाच्या खारपाणपट्ट्यात ओल सुकली की जमिनीवर क्षार फुटतात. तसेच आतील खारे पाणी वर येऊन उडून गेले आणि क्षार मागे राहिले.

सेरेसला आधी ग्रह म्हटले गेले, पुढे लघुग्रह आणि २००६ पासून बटुग्रह. पुराव्यासरशी व्याख्या बदलणारे हे शास्त्र आम्हांस विश्वासार्ह वाटते. कुंडलीतील घरे मात्र या शोधाने हलली नाहीत. सेरेसला तेथे कोणी विचारले नाही आणि त्यावाचून कोणाचे अडलेही नाही. इंधन संपल्याने डॉन २०१८ मध्ये मूक झाले. ते आजही सेरेसभोवती घिरट्या घालीत आहे.