नारळाच्या दुधातला हलवा

रोश हशाना, म्हणजे आमचं नवीन वर्ष, जवळ आलं की दिमोनातल्या माझ्या स्वयंपाकघरात गहू भिजत पडतात. हे नेगेव वाळवंटातलं गाव, भाद्रपदातला पाऊस इथे कुणाला ठाऊक नाही. पण तिसऱ्या दिवशी पातेल्यावरचं झाकण काढलं, की त्या आंबूस वासासरशी पेणचं आमचं ओलं परसदार समोर उभं राहतं. मग गहू वाटायचे, पिळून चीक काढायचा, वरचं पाणी निथळून टाकायचं आणि नारळाचं दूध, साखर घालून मंद आचेवर घोटत राहायचं. हात थांबला की गुठळी झालीच.

आम्ही बेने इस्रायल यहुदी. कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी, म्हणजे शब्बाथला, बंद ठेवायचे, म्हणून लोक आम्हाला ‘शनवार तेली’ म्हणत. १९४८ नंतर बहुतेक घरं हळूहळू इस्रायलला आली. इथे आमच्या यहुदी असण्यावरच शंका घेतली गेली. आम्ही सर्वार्थाने यहुदी आहोत, हे १९६४ साली सरकारने जाहीर केलं. मी तेव्हा लहान होते. त्या दिवसांत आई मराठी उंबऱ्याबाहेर नेत नसे.

शंका घेणाऱ्यांना तेव्हा आमच्याकडे जेवायला बोलवायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. आमच्या धर्मात मटणाच्या जेवणात दुधाचं काही चालत नाही, म्हणून तर हलव्याला नारळाचं दूध. शब्बाथच्या प्रार्थनेला वाइन मिळेना, तेव्हा काळ्या मनुका भिजवून सरबत केलं. एलियाहू हानाबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा करतो, तोही भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर आणि वेलचीचा. यातून कोकण काढलं तर आमचा धर्मही पाळता येणार नाही.

हे कोकण माझ्यापाशी टिकलं ते वासामुळे. बाकीच्या संवेदना मेंदूत थॅलॅमस नावाच्या भागामार्गे पुढे जातात. वास मात्र थेट आठवणी आणि भावना सांभाळणाऱ्या भागांशी जाऊन भिडतो. कदाचित म्हणूनच शब्द विसरले तरी वास ओळखू येतो. माझी नात हिब्रूच बोलते, पण चीक कच्चा आहे की शिजला, हे नुसत्या वासावरून सांगते. तिला मी कृती लिहून देत नाही, शेजारी उभी करते.

पुढच्या हिवाळ्यात तिला अलिबागजवळच्या नवगावला नेणार आहे. पूर्वजांचं गलबत तिथेच फुटलं, असं आम्ही पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलोय. पण त्याआधी पेणच्या बाजारात जायचं. मलिद्याचे पोहे तिने तिथे स्वतः हुंगून निवडायचे आहेत.