शिडाच्या नौकेवर आई-वडिलांना नेताना

सटाण्याहून समुद्र दूर. आपल्या बागलाणातील कित्येक ज्येष्ठांनी तो प्रथम पाहिला, तो मुंबईला नातेवाइकांकडे गेल्यावर, गेटवेच्या कठड्याशी उभे राहून. त्यामुळे गेल्या मे महिन्यात बहात्तर वर्षांचे एक डाळिंब बागायतदार दवाखान्यात येऊन म्हणाले, "डॉक्टरसाहेब, सप्टेंबरात आठ दिवस शिडाच्या होडीत राहायचंय, ग्रीसला," तेव्हा रक्तदाबाचा पट्टा माझ्या हातातच राहिला. जर्मनीतील मुलाने मित्रांच्या कुटुंबांसह नौका भाड्याने ठरवली होती आणि आई-वडिलांनी यावेच, असा त्याचा हट्ट होता.

जाऊ नका, असे मी म्हणालो नाही. मुलाने मोबाइलवर पाठवलेली औषधांची यादी मात्र वाचून पाहिली. पहिलेच नाव उलटी थांबवणाऱ्या गोळीचे होते.

येथे माझीच एक जुनी चूक सांगितली पाहिजे. सप्तशृंगगडाच्या घाटात मळमळते म्हणून एका आजोबांना मी अशीच गोळी दिली होती. प्रोस्टेटविषयी विचारले नव्हते. त्या रात्री त्यांची लघवी पूर्ण अडली, नळी घालावी लागली, आणि गुंगीत ते घरच्यांनाही ओळखेनात. प्रोमेथाझिन, डायमेनहायड्रिनेट ही प्रवासात सर्रास घेतली जाणारी औषधे वृद्धांना भ्रमिष्ट करू शकतात. तोंड कोरडे पडते, काचबिंदूच्या काही प्रकारांत डोळ्यातील दाब वाढतो. डोलणाऱ्या नौकेवर गुंगी आलेला माणूस पडतो, आणि उतारवयातील खुब्याचे हाड एकदा मोडले की पुढचे आपणांस ठाऊक आहेच.

खरे तर बोट लागण्याचा त्रास वाढत्या वयात सहसा कमी होतो. आजोबांपेक्षा नातवंडांचीच चिंता अधिक करावी. कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय एक सांगते, डोळे दुसरेच सांगतात, आणि मेंदू गोंधळतो. चार्ल्स डार्विन १८३१ ते १८३६ 'बीगल' जहाजावर होता, पण या त्रासातून तो कधी पुरता सुटला नाही. तेव्हा यात लाज वाटण्यासारखे काही नाही. नौकेच्या मध्यभागी, मोकळ्या हवेत बसावे, नजर क्षितिजावर ठेवावी, मोबाइल खिशात ठेवावा. पोट रिकामे नको आणि तुडुंबही नको. आल्याचा लहान तुकडा चघळून काहींना बरे वाटते. एवढ्यानेही भागले नाही, तरच गोळी. तीही आपला आजार जाणणाऱ्या डॉक्टरांनी नाव व मात्रा लिहून दिलेली, आणि आधी घरी एकदा घेऊन पाहिलेली.

उलटीपेक्षा मला तिच्यानंतरच्या कोरडेपणाची धास्ती वाटते. या काकांना रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू आहे. त्यात ऊन, घाम आणि दोन उलट्या झाल्या की शरीरातील पाणी व क्षार घटून चक्कर येते. काकूंना मधुमेह, इन्सुलिन टोचले आणि जेवण पोटात ठरले नाही, तर साखर धोकादायक उतरते. अशा दिवशी कोणते औषध थांबवायचे, कोणते मुळीच थांबवायचे नाही, हे मी दोघांना मराठीत आणि मुलासाठी इंग्रजीत लिहून दिले. आपणही असा कागद मागून घ्यावा. नौकेवरच्या अरुंद शौचालयात रात्री जावे लागेल म्हणून पुष्कळ वृद्ध मुद्दाम पाणी कमी पितात. मुला-सुनांनी याकडे लक्ष ठेवावे.

नौका कशी असते, हेही आधी समजून घ्यावे. वारा शिडात भरला की ती एका बाजूस कलते. खोलीत उतरायला शिडीसारख्या उभ्या पायऱ्या असतात, आणि ग्रीसच्या बंदरांत बहुधा अरुंद फळीवरून धक्क्यावर जावे लागते. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर उत्तरेकडून 'मेल्तेमी' हा जोराचा वारा वाहतो. मुलाने सप्टेंबर निवडला आणि अथेन्सजवळचे सारोनिक आखात ठरवले, हे मला आवडले. विम्याचा कागद मात्र मी परत पाठवला. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच; पण जुना रक्तदाब, मधुमेह त्यात धरला आहे का, हे अक्षर न् अक्षर वाचावे. युरोपात तातडीच्या मदतीचा क्रमांक ११२.

दोघांना मी आधी मुंबईला पिटाळले. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला २०२० पासून मोटारी वाहून नेणारी रो-रो बोट जाते. जाऊन-येऊन जेमतेम दोन तासांचा समुद्र, आणि नाहीच मानवला तर अलिबागहून रस्त्याने परत. आठवड्याने काका आले. त्यांना काहीच झाले नव्हते. येताना तर चहाही घेतला. काकूंना परतीच्या लाटांवर मळमळले. त्यांनीच मुलाला फोन करून सांगितले की दिवसा नौकेत येईन, पण रात्री किनाऱ्यावर खोली घे. मुलाने दोन बेटांवर खोल्या घेतल्या आहेत, आणि काका म्हणतात, तेही तिथेच झोपतील.