नागवेलीचे पान आणि कर्करोग-प्रतिबंध : एक विवेचन

फळे, पाने व मसाल्याच्या पदार्थांतील काही रासायनिक घटक कर्करोगाच्या उत्पत्तीस अटकाव करू शकतात, हा विचार आता सर्वपरिचित झाला आहे. हळदीतील कुर्कुमिन किंवा टोमॅटोतील लायकोपिन ही नावे वृत्तपत्रांच्या आरोग्य-पुरवण्यांतही आढळतात. परंतु प्रयोगशाळेत दिसलेला गुण आणि मनुष्यातील प्रत्यक्ष प्रतिबंध यांत मोठे अंतर असते. नागवेलीच्या पानाचे उदाहरण या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे.

या पानावरील महत्त्वाचे संशोधन परळ येथील कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. एस. व्ही. भिडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. ही संस्था २००२ मध्ये खारघरला स्थलांतरित झाली. खांदेश्वर स्थानकापासून दोनच स्थानकांवर असलेले, टाटा स्मारक केंद्राचे 'अ‍ॅक्ट्रेक' ते हेच. पानातील हायड्रॉक्सीचॅव्हिकॉल हे फिनॉलवर्गीय संयुग जिवाणूंवरील चाचणीत उत्परिवर्तनास विरोध करते, असे या गटाने १९८६ मध्ये दाखविले. पुढे त्याचा आणखी एक गुण लक्षात आला. सुपारीतील अल्कलॉइडांची नायट्राइटशी अभिक्रिया होऊन कर्करोगकारक नायट्रोसामाइने बनू शकतात. हायड्रॉक्सीचॅव्हिकॉल नायट्राइटला आधीच गाठून ही अभिक्रिया रोखते.

तर मग विडा आरोग्यदायी मानावा काय? तसे म्हणता येत नाही. विड्यात पानाबरोबर सुपारी, चुना व कात असतात. चुन्यामुळे तोंडातील माध्यम अल्कधर्मी होते आणि सुपारीतील पॉलिफिनॉलांपासून पेशींना इजा करणारे क्रियाशील ऑक्सिजन निर्माण होतात. सुपारी, तसेच तंबाखूविरहित विडाही मनुष्यात कर्करोगकारक आहे, असा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केला. पानातील संरक्षक घटक सुपारीपुढे अपुरा पडतो, हाच याचा अर्थ. गुटख्यात तर सामान्यतः पानही नसते. केवळ सुपारी, चुना, कात व तंबाखू.

एकच घटक वेगळा काढून दिल्यास काय घडते, हे फिनलंडमधील चाचणीने दाखवून दिले. तेथे २९,१३३ धूम्रपानी पुरुषांचा अभ्यास झाला. त्यांपैकी ज्यांना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिन देण्यात आले, त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण १८ टक्क्यांनी अधिक आढळले (१९९४). गाजर किंवा पालेभाजी खाणे आणि गोळी घेणे या भिन्न गोष्टी आहेत. कुर्कुमिनची अडचण वेगळी आहे : ते आतड्यातून फारच अल्प शोषले जाते.

महाविद्यालयीन संशोधन-प्रकल्पांच्या मार्गदर्शकांनी ही बाब ध्यानी घेणे अगत्याचे आहे. स्थानिक वनस्पतीच्या अर्काची डीपीपीएच चाचणी करावयाची आणि निष्कर्षात 'कर्करोगरोधक' असे लिहावयाचे, हा प्रघात पडू पाहत आहे. वस्तुतः मिथेनॉलमधील जांभळ्या रंगाचा एक कृत्रिम मुक्त मूलक अर्कामुळे फिका पडला, एवढेच ती चाचणी सांगते.