चार गावांची एक शाळा

रायगडच्या किनाऱ्यावर आपली गावे लहान आणि वाटा लांब. आगरदांड्याहून दिघी समोर दिसते, पण फेरीबोट चुकली की राजपुरीच्या खाडीला मोठा वळसा पडतो. अशा मुलखात जिल्हा परिषदेची शाळा गावातच होती, म्हणून आपल्या कित्येक मुली निदान चौथीपर्यंत शिकल्या.

आज त्या शाळांचा पट रोडावला आहे. कर्ते पुरुष आखातात, काही कुटुंबे मुंबई-पनवेलला, उरलेली मुले इंग्रजी शाळेच्या गाडीत. २०२३ साली राज्याच्या शिक्षण खात्याने वीसहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याचा विचार मांडला. राज्यात अशा शाळा चौदा हजारांवर होत्या. पुणे जिल्ह्यातील पानशेतची समूह शाळा नमुना म्हणून पुढे ठेवली गेली.

यात फायदा नाही असे आम्ही म्हणणार नाही. दोन शिक्षकांनी चार-पाच वर्ग सांभाळायचे, त्यापेक्षा वर्गाला एक शिक्षक केव्हाही बरा. पण आपल्यापुढे दोन अडचणी आहेत. पहिली अंतराची. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत हवी. दुसरी माध्यमाची. गावात मराठी आणि उर्दू अशा दोन शाळा असतील, तर मुले वाटली जातात आणि दोन्हींचा पट घटतो. उर्दू शाळा बंद झाली, तर जवळची दुसरी उर्दू शाळा कधी खाडीपलीकडे असते. मग मुलगा कसाबसा जातो, मुलगी घरी बसते.

बारा भाईंची शेती, काय लागेल हाती, असे म्हणतात. चार गावांच्या शाळेचेही तसेच होते. छत गळले की प्रत्येक गाव दुसऱ्याकडे बोट दाखवते. मशिदीच्या रंगकामाला जमात एका जुम्यात वर्गणी गोळा करते आणि मुंबईतली मंडळीही हात देतात. शाळेसाठी अशी बैठक आपण शेवटची कधी घेतली?

कायद्याने वाट ठेवली आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. नवरा परदेशी असलेल्या घरात मुलांचे शिक्षण अम्मीच पाहते. मग समितीतही तीच बसली पाहिजे. पाचवी ते बारावीच्या ग्रामीण मुलींना एस.टी.चा पास मोफत आहे. गाडी शाळेच्या वेळेवर यावी, म्हणून चारही गावांनी मिळून आगारात अर्ज द्यावा. एका गावाचा अर्ज फायलीत राहतो, चार गावांचा सहज बाजूला सारता येत नाही.

‘वाच’ या आज्ञेने ज्या दीनची सुरुवात झाली, त्याच्या लेकींची शाळा एका बसवाचून सुटू नये. येत्या जुम्याला नमाजानंतर एवढा एकच विषय काढू या.