टोपेका: खटला कोणी चालवायचा?

पीएचडीच्या पहिल्या प्रस्तावात मी खटले कमी झाले म्हणजे गुन्हे कमी झाले, असं बिनधास्त गृहीत धरलं होतं. गाईडनी तो परत दिला आणि एवढंच म्हणाले, "टोपेकाचं प्रकरण वाच."

टोपेका ही अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याची राजधानी, वस्ती सव्वा लाखाच्या आसपास. तिथे किरकोळ गुन्ह्याचा खटला दोन ठिकाणी चालू शकतो. राज्याच्या कायद्याखाली काउंटीचा निवडून आलेला सरकारी वकील तो जिल्हा न्यायालयात नेतो; किंवा शहराचा तसाच नियम असेल, तर शहराचा वकील नगर न्यायालयात. आपल्याकडे मारहाणीचा खटला महापालिका चालवत नाही, त्यामुळे हे डोक्यात शिरायला मला वेळच लागला.

2011 मध्ये शॉनी काउंटीने सरकारी वकिलाच्या कार्यालयाचं पुढच्या वर्षाचं बजेट 10 टक्क्यांनी कापलं. सप्टेंबरमध्ये त्याने जाहीर केलं की शहराच्या हद्दीतले किरकोळ गुन्हे यापुढे आम्ही घेणार नाही. या 'किरकोळ' शब्दावर जरा थांबा. त्यात घरातली मारहाणही होती! शहर म्हणालं, आमच्याकडे तरी पैसे कुठे आहेत? या ओढाताणीत पकडलेले काही जण आरोप न ठेवताच सुटले. पोलिसांना फोन करणाऱ्या बाईसाठी याचा अर्थ काय, ते वेगळं सांगायला नको.

11 ऑक्टोबरला नगर परिषदेने 7 विरुद्ध 3 मतांनी घरगुती मारहाणीचा स्वतःचा नियमच रद्द केला. हिशोब सरळ होता: शहराकडे नियमच नसला की खटला काउंटीच्याच गळ्यात. दुसऱ्याच दिवशी सरकारी वकिलाने खटले पुन्हा घेण्याचं जाहीर केलं. टोपेकात आता घरातली मारहाण गुन्हा राहिली नाही, अशा बातम्या तेव्हा फिरल्या. ते चूक आहे. राज्याचा कायदा जागेवरच होता.

आता समजा, तुम्ही फक्त नगर न्यायालयाचा तक्ता घेऊन बसलात. ऑक्टोबरनंतर घरगुती मारहाणीचे नवे खटले गायब! मी तर आनंदाने 'हिंसाचारात घट' असा निष्कर्ष लिहिला असता. प्रत्यक्षात बदलला होता तो खटला चालवणारा.

दुसऱ्या प्रस्तावात मी पोलिसांना आलेले फोन, अटकेच्या नोंदी आणि दोन्ही न्यायालयांतले खटले असे वेगळे रकाने केले. गाईडनी विचारलं, "आणि ज्यांनी फोनच केला नाही, त्यांचा रकाना?" सध्या तिथेच अडकलेय.