जबड्याच्या अस्थिभंगातील धातुपट्टी : प्रयोगशाळेतील परीक्षा व तिचा अर्थ

प्रस्तावना : खालचा जबडा मोडल्यास पूर्वी वरचे व खालचे दात तारेने एकत्र बांधून ठेवीत. रुग्णास कित्येक आठवडे द्रव आहारावर राहावे लागे. लहान धातुपट्टी व स्क्रू यांमुळे ही अडचण बरीच दूर झाली. तथापि पट्टी कोठे व किती बसवावी, हा प्रश्न यंत्रशास्त्राचाही आहे. प्रस्तुत लेखात जबड्याच्या कोनाच्या अस्थिभंगासंबंधी या प्रश्नाचा विचार केला आहे.

तत्त्व : पुढच्या दातांनी चावताना जबडा तुळईप्रमाणे वाकतो. कोनाच्या वरच्या कडेवर ताण व खालच्या कडेवर दाब येतो. दाबाने तुकडे मिटतात, ताणाने फाकतात. म्हणून कोनाच्या वरच्या कडेवर एक पट्टी पुरेशी ठरते, तर हनुवटीपाशी पीळही पडत असल्याने दोन लागतात, असे फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथील मॅक्सिम शाँपी व सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये मांडले.

परीक्षापद्धती : मेंढीचा जबडा किंवा पॉलियुरेथेनची प्रतिकृती कापून त्यावर पट्टी बसवितात. मागील भाग घट्ट धरून यंत्राने दातांवर क्रमाक्रमाने भार देतात. भार न्यूटनमध्ये, तर विस्थापन मिलिमीटरमध्ये मोजतात. दोहोंच्या आलेखाचा चढ म्हणजे जोडणीची दृढता होय. भार कोनाजवळच्या दाढेवर दिल्यास ताण व दाब यांच्या जागा बदलू शकतात. त्यामुळे भाराचे स्थान सांगितल्याविना निष्कर्ष अपुरा राहतो.

मर्यादा : अशा परीक्षेत दोन पट्ट्यांची जोडणी सामान्यतः अधिक दृढ ठरते. रुग्णांचा अनुभव मात्र निराळा आहे. अमेरिकेतील एडवर्ड एलिस व सहकाऱ्यांच्या कोनभंगाच्या रुग्णांत दोन पट्ट्यांनंतर २८ टक्के (१९९४), तर एका पट्टीनंतर १६ टक्के (१९९६) गुंतागुंती आढळल्या. दुसऱ्या पट्टीसाठी हाडावरील आवरण अधिक सोडवावे लागते, हे त्याचे एक संभाव्य कारण होय. शिवाय शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे रुग्णाची चावण्याची शक्ती कमी असते. रक्तपुरवठा, जंतुसंसर्ग व स्नायूंचे हे संयमन यांची नोंद यंत्र घेत नाही.

निष्कर्ष : समान स्थितीतील दोन जोडण्यांची तुलना करण्यास ही परीक्षा उपयुक्त आहे. परंतु जे अधिक दृढ, तेच अधिक हितकर, असे तिच्यावरून म्हणता येत नाही. जोडणी पुरेशी दृढ असावी. पुरेशी म्हणजे किती, हे यंत्राच्या आकड्यांबरोबरच रुग्णाच्या प्रकृतीवरूनही ठरवावे लागते.