नौकेवरील पाण्याचा दाब

घराच्या गच्चीवर टाकी बांधून निश्चिंत झालेल्या गृहस्थाला नळाच्या धारेचा विचार क्वचितच करावा लागतो, कारण तेथे दाब उत्पन्न करण्याचे काम गुरुत्वाकर्षण अहोरात्र करीत असते. नौकेवर मात्र ही सोय मुळातच निषिद्ध आहे. दोन-तीनशे लिटर पाणी डेकच्या वर चढवून ठेवले, तर नौकेचा गुरुत्वमध्य वर सरकतो, आणि ती एका कुशीवर कलली की टाकीतले पाणीही त्याच कुशीकडे धावून तिचा कल वाढवते. म्हणून टाकीची जागा सर्वांत खाली, केबिनच्या जमिनीच्या फळ्यांच्याही खाली, आणि तेथून नळापर्यंत पाणी पोहोचवण्याची सारी जबाबदारी 12 व्होल्टवर चालणाऱ्या, दोन्ही तळहातांत मावेल एवढ्या पंपावर. पाण्याच्या दहा मीटर उंच स्तंभाने सुमारे एक बार दाब मिळतो. हा पंप बहुधा दर चौरस इंचास 40 पौंड दाब झाला की थांबतो, म्हणजे 28 मीटर उंचीवरच्या टाकीने जे साधले असते, ते तो एकटा साधतो.

अपोलो बंदरासमोर नांगरलेल्या एका स्नेह्यांच्या शिडाच्या नौकेवर या व्यवस्थेची चौकशी मला जवळून पाहता आली. पावसाळाभर किनाऱ्यावर काढून ठेवलेली ती नौका नवरात्राच्या सुमारास पुन्हा पाण्यात उतरली, तेव्हा नळातून बोटभर जाडीचीही धार येईना. ही तक्रार पावसाळ्यापूर्वीचीच होती, आणि तेव्हा कोणा जाणकाराच्या सल्ल्याने मालकांनी पंपच नवा बसवून घेतला होता. नवा पंपही जुन्याच चालीने चालू लागला, ही गोष्ट ऐकल्यावर रायगडाच्या किनाऱ्यावरून आलेल्या मिस्त्रींनी हत्यारांची पेटी बाजूला ठेवली आणि मालकांना म्हणाले, "साहेब, आधी एकेक नळ सोडा, मी खाली बसून ऐकतो."

या ऐकण्यात पुष्कळ काही आहे. एकच नळ मंद असेल, तर पंपाकडे जाण्याचे कारणच नाही. त्या नळाच्या तोंडाची बारीक जाळी क्षारांनी भरलेली असते. फक्त गरम पाणी मंद असेल, तर दोष तापवण्याच्या टाकीच्या वाटेवर असतो. सगळेच नळ मंद असतील, तर पंपाचा आवाज विचारात घ्यावा: पाणी नसताना तो भरभर, पोकळ वाजत असेल तर तो हवा ओढतो आहे, क्षणात सुरू आणि क्षणात बंद होत असेल तर पुढची वाट तुंबली आहे. येथे सर्व नळ सारखेच मंद होते, आणि पंप न थांबता, संथ व जड आवाजात चालला होता. मांडव्याच्या लाँचेसनी उठवलेल्या लाटांवर केबिन डोलत असताना मिस्त्री त्या आवाजाकडे एवढे लक्ष देऊन बसले होते, की मालकांना दोनदा प्रश्न विचारूनही उत्तर मिळाले नाही.

नंतरची तपासणी क्रमाने झाली. पंपाच्या अलीकडचा गाळणीचा पारदर्शक पेला उघडला. त्यात शेवाळी चिकटा निघाला, तो धुतल्यावर धार किंचित सुधारली. टाकीचे झाकण सैल करून पाहिले, कारण हवा येण्याची नळी बुजली असेल तर टाकीत निर्वात पोकळी होऊन पंपाचा जीव गुदमरतो. तसे काही आढळले नाही.

मग मिस्त्रींनी मीटर काढला. पंप बंद असताना त्याच्या टोकांवर 12.6 व्होल्ट दिसले, आणि मालकांनी सुटकेचा श्वास सोडला. पण मिस्त्रींनी नळ सोडायला लावून पंप चालू असतानाच पुन्हा मोजले, तेव्हा बॅटरीपाशी 12.4 आणि पंपापाशी 10.8 दिसले. प्रवाह वाहत नसताना खराब सांधाही निर्दोष दिसतो. परंतु सात-आठ अँपिअर वाहू लागले की केवळ 0.2 ओहम रोध दीड व्होल्ट गिळून टाकतो. पंपाकडे जाणारी तार ओढली तेव्हा सांध्यावर हिरवट जंगाल चढलेले दिसले, आणि वरचे आवरण सोलल्यावर आतले तांबे हातभर काळे पडलेले निघाले. खाऱ्या हवेत कल्हई न केलेल्या तांब्याची हीच गत होते.

सर्व तार बदलून कल्हईच्या तांब्याची अधिक जाड तार घातली, नवी टोके दाबून बसवली आणि त्यांवर ओल शिरणार नाही असे आवरण चढवले. पंपापाशी 12.1 व्होल्ट आले, आवाज चढला, आणि न्हाणीतली धार भरून आली.

बिघडलेली वस्तू ओळखण्याआधीच नवी विकत घेण्याची वहिवाट आता सर्वत्र पडली आहे, आणि तिच्यापायी किती धडधाकट पंप भंगारात जात असतील याचे मला मनापासून वाईट वाटते. ज्यांच्या नौका या हंगामात पाण्यात उतरणार आहेत, त्यांनी पंपाची मागणी नोंदवण्यापूर्वी नळ सोडून, पंप चालू ठेवून, दोन्ही ठिकाणी व्होल्ट मोजावेत. बॅटरीपाशी 12 च्या वर आणि पंपापाशी 11 च्या खाली दिसले, तर पंपाला हात न लावता तार तपासावी.